घरच्याच मैदानावर संघ का अडखळतो, आणि दोरीबाहेरची गर्दी का गळते

कोकणात फुटबॉल चालवणाऱ्या मंडळांची तक्रार साधारण एकच असते. बाहेर गेलं की पोरं बरी खेळतात, गावात मात्र हरतात. आणि पूर्वी दोरीबाहेर उभं राहायला जागा नसायची, आता तिथे गुरं चरतात. दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या जातात, म्हणून कारणही एकच धरलं जातं: हरतात म्हणून माणसं येत नाहीत, किंवा माणसं येत नाहीत म्हणून हरतात. बहुतेक ठिकाणी ही दोन वेगळी दुखणी असतात. संघाचं दुखणं सामन्याच्या सकाळी आणि खेळातल्या घाईत सापडतं. प्रेक्षकांचं दुखणं ऊन, अंतर आणि वेळेत असतं. ती वेगवेगळी तपासली तर दोन्हींवर इलाज आहे, आणि बराचसा फुकटात होतो.

आधी वही घाला

शंभर पानी वही पुरते. घरचे सामने पुढून लिहा, बाहेरचे मागून. प्रत्येक सामन्याचं एक पान: समोरचा संघ, सामना खरोखर किती वाजता सुरू झाला, पहिला गोल कुणाचा आणि कितव्या मिनिटाला, आपण गोल खाल्ला तेव्हा त्याआधी चेंडू मैदानाच्या कोणत्या भागात गमावला होता, दोन्ही बाजूंनी गोलच्या दिशेने मारलेले फटके. हे काम राखीव खेळाडूला देऊ नका, तो पाच मिनिटांत सामना बघत बसतो. शाळेतली एखादी चुणचुणीत मुलगी किंवा गुडघ्यामुळे खेळ सोडलेला माणूस हे उत्तम करतो.

पाच-सहा सामन्यांवरून निवाडा करू नका. घरी शंभरपैकी ४५ सामने जिंकणारा चांगला संघ घ्या. तोसुद्धा सलग सहा सामन्यांत एक किंवा शून्यच जिंकेल याची शक्यता सुमारे १६ टक्के असते. म्हणजे असे सहा-सहा सामन्यांचे हंगाम खेळले तर सहापैकी एक हंगाम नुसत्या योगायोगाने वाईट जाईल. दहा-बारा घरचे सामने लिहून झाल्याशिवाय प्रशिक्षक बदलण्याची सभा बोलावू नये.

दुसरी गल्लत याहून मोठी. गावच्या स्पर्धेला आपण बक्षिसाची रक्कम लावतो, मग गोव्याचे आणि घाट उतरून कोल्हापूरचे संघ येतात. आपण बाहेर जातो ते शेजारच्या तालुक्यात. घरची कामगिरी वाईट दिसते कारण घरी समोरचे संघच तगडे असतात. म्हणून तुलना करताना घरी आणि बाहेर दोन्हीकडे भेटलेले संघ तेवढे निवडा. काही मंडळांची तक्रार इथेच मिटते.

मिटली नाही, तर गोल खाल्ल्याची मिनिटं बघा. पहिल्या पंधरा मिनिटांत जास्त गोल खाल्ले जात असतील तर दोष तयारीत आहे. तासाभरानंतर खाल्ले जात असतील आणि चेंडू समोरच्यांच्या अर्ध्यात गमावलेला असेल, तर दोष घाईत आहे. मैदानाच्या एकाच टोकाला दोन्ही संघांना गोल पडत असतील तर वारा, सूर्य किंवा तिथली जमीन तपासायची.

यजमानपण अंगावर येतं

सामन्याच्या दिवशी घरच्या संघाचे खेळाडू सकाळी सातपासून काय करतात ते एकदा नुसतं टिपून ठेवा. फक्की (रेषा आखायची पांढरी पूड) मारणं, गोलच्या जाळ्या बांधणं, शाळेतून बाकं आणणं, पाण्याचे जार, मंडप, पाहुण्या संघाची जेवणाची सोय. दुपारी दीड वाजता घरी येऊन भात आणि माशाची कढी पोटभर, आणि चारला सामना. पाहुणा संघ त्या वेळात गाडीत बसून आलेला असतो, बारा वाजता हलकं जेवलेला असतो, दोन तास एकत्र असतो आणि सामन्याचं बोलणं करून उतरलेला असतो. आपली पोरं एकेक करून मोटरसायकलवरून पावणेचारला पोचतात, त्यातही कीपर मामाला आणायला स्टँडवर गेलेला असतो.

यावर उपाय सरळ आहे. मैदानाची कामं करणाऱ्यांची यादी वेगळी, खेळणाऱ्यांची वेगळी, आणि दोन्ही याद्यांत एकही नाव सामाईक नको. लोक कमी पडतात म्हणाल तर फक्की आणि जाळ्या आदल्या संध्याकाळीच उरका. चारच्या सामन्याला जेवण साडेबारापर्यंत झालं पाहिजे: भात, वरण, भाजी, अंडं चालेल, तळलेलं नको. दीडच्या सुमारास सगळ्यांनी एका जागी जमायचं, देवळाची धर्मशाळा किंवा शाळेची खोली, मैदानापासून जरा लांब. तीन वाजता संघ एकत्र मैदानावर. वीस-पंचवीस मिनिटं अंग गरम करणं, त्यातली शेवटची सात-आठ मिनिटं पूर्ण वेगाने. या काळात नातेवाइकांनी दोरीच्या आत यायचं नाही, आणि ‘फक्त एक फोटो’ म्हणणाऱ्या पुढाऱ्यानेही नाही.

उद्घाटनाबद्दलही बोललं पाहिजे. तीनला जाहीर केलेला सामना पाहुणे न आल्यामुळे साडेचारला सुरू होतो, नारळ, सत्कार, शाल, मनोगत. गरम झालेले पाय थंड पडतात आणि उन्हात उभे असलेले लोक घरी जातात. सामना वेळेवर सुरू करा, सत्कार हाफ टाइमला दहा मिनिटांत करा. पाहुणे उशिरा आले तर तेही बघतील की इथे सामना वेळेवर होतो.

पाहुणे मागे बसतात, आपण धावत सुटतो

बाहेरून आलेला संघ बहुधा आठ-नऊ माणसं स्वतःच्या डीजवळ, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनाजवळ, ठेवतो आणि एक वेगवान पोरगा पुढे. बरोबरी त्याला चालते. घरच्या संघाला बरोबरी चालत नाही, निदान दोरीबाहेर उभ्या लोकांना चालत नाही. अर्धा तास गोल झाला नाही की कुजबुज सुरू, मग ‘फुडे मार मेल्या, काय खेळत बसलंस?’ आणि मग आपले डाव्या-उजव्या कडेचे बचावपटू वर सरकतात, लांब चेंडू पडू लागतात. तेवढ्यात एक चेंडू तुटतो आणि तो वेगवान पोरगा एकटाच कीपरसमोर असतो. वहीत साठाव्या मिनिटानंतर खाल्लेले गोल बघा, निम्म्याहून जास्त असेच निघण्याची शक्यता दाट.

मोठ्या मैदानांवरही हेच होतं. २० डिसेंबर २०१५ ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) अंतिम सामना होता. एफसी गोवा घरच्या प्रेक्षकांसमोर ८७ व्या मिनिटाला २-१ ने पुढे गेला, आणि तरी चेन्नईयिनने तो सामना ३-२ ने जिंकला. तिथे तर घरचा संघ पुढे होता. पुढे असताना शेवटची पाच मिनिटं कशी घालवायची, याचा सरावही घरच्याच मैदानावर करावा लागतो.

इथे कामाला येणारा सराव असा. अर्ध्या मैदानावर आठ विरुद्ध सहा आणि एक कीपर. आठ जणांनी गोल करायचा, पण चेंडू एका कडेकडून दुसऱ्या कडेला निदान एकदा नेल्याशिवाय डीत टाकायचा नाही. मधल्या रेषेवर दोन छोटे गोल ठेवा, दीड-दीड मीटरचे, चपला ठेवल्या तरी चालतील. सहा जणांनी चेंडू तोडला तर आठ सेकंदांत त्या छोट्या गोलात मारायचा. बारा मिनिटांचे तीन डाव, मध्ये तीन मिनिटं विश्रांती, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. पहिल्या आठवड्यात सहा जणच जास्त गोल करतील. ते ठीक आहे, चेंडू गमावल्यावर पहिले तीन पाऊल मागे कुणी टाकायचे हे त्यातूनच कळतं.

मोजमापाचा एक नियम पक्का करा: हल्ला करताना मागे राहणारी माणसं समोरच्यांनी पुढे ठेवलेल्या माणसांपेक्षा एकने जास्त हवीत, कीपर सोडून. त्यांचा एक पुढे असेल तर आपले दोन मागे, आपल्या कॉर्नरलासुद्धा. आणि कॉर्नरला एक जण डीच्या बाहेर, परत आलेला चेंडू अडवायला. हे एवढं पाळलं तरी हंगामातले तीन-चार गोल वाचतात.

मैदान मोजा, मग दोष द्या

नियमानुसार मैदानाची लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर चालते. गावात जागा मिळेल तसं आखतात, पण रुंदीने खेळ बदलतो. ५० मीटर रुंदीत चार बचावपटूंना प्रत्येकी साडेबारा मीटर सांभाळावे लागतात, ६४ मीटर रुंदीत सोळा. मागे बसणाऱ्या संघाला अरुंद मैदान म्हणजे मेजवानी. तुम्ही घरी मागे बसलेला बचाव फोडायला बघत असाल आणि बाजूला जागा असेल, तर रेषा बाहेर सरकवा. सामन्यागणिक बदलू नका. हंगामभर एकच माप ठेवा आणि सराव त्याच मापावर करा.

सरावाची जागा ही कोकणातली खास अडचण. सराव सकाळी सहाला ओहोटीच्या वेळी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, आणि सामना दुपारी चारला कातळाच्या सड्यावरल्या, म्हणजे उंच माळावरल्या, लाल मुरमात. पुळणीवर चेंडू उसळत नाही, पाय रुततो. मुरमावर चेंडू गुडघ्यावर येतो आणि पास दोन हात पुढे पळतो. मग घरचं मैदान ओळखीचं राहतच कुठे? आठवड्यातला निदान एक सराव सामन्याच्या मैदानावर, सामन्याच्याच वेळी, सामन्याच्याच चेंडूने करा. नियमात चेंडूतली हवा ८.५ ते १५.६ पीएसआय चालते, ही फार मोठी मोकळीक आहे. कडक मुरमावर ९ च्या आसपास ठेवा, ओल्या गवतावर ११ च्या. स्पर्धेचा चेंडू यजमान पुरवत असेल, तर सरावालाही तोच दाब ठेवल्याने काही बिघडत नाही. पंपाचा काटा दोन-तीनशे रुपयांत मिळतो, अंगठा दाबून अंदाज घेणं सोडा.

मुरमावर पाणी मारायचं असेल तर हिशोब करा. १०० बाय ६० मीटर म्हणजे ६,००० चौरस मीटर, त्यावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे ६,००० लिटर. दहा हजारांचा एक टँकर जेमतेम दीड मिलिमीटर देतो. धूळ बसायला तेवढं पुरतं. सामन्याआधी दीड-दोन तास मारा. अर्धा तास आधी मारलं तर वर चिखलाचा पातळ थर राहतो आणि पहिली दहा मिनिटं सगळे घसरतात. टँकर एकच आणि मैदान मोठं असेल तर दोन्ही डी आणि मधला पट्टा भिजवा. त्याआधी चार जणांनी रांगेत चालत जाऊन खडे वेचायचे.

पावसाळी गवताचं उलटं. आठवड्यात वीतभर वाढतं आणि जमिनीलगतचा पास तीन मीटरवर मरतो. जमिनीवरून खेळणाऱ्या घरच्या संघाला ते मारक, लांब मारणाऱ्या पाहुण्याला सोयीचं. बागेत चालतो तोच ग्रासकटर सामन्याच्या दोन दिवस आधी फिरवा, गवत दोन बोटांपेक्षा उंच नको, आणि कापलेलं गवत उचलून टाका, तसंच राहिलं तर कुजून निसरडं होतं. फक्की पावसात टिकत नाही. तिच्याऐवजी चुना मात्र वापरू नका, ओला चुना कातडी आणि डोळे भाजतो.

आता वारा आणि सूर्य. मैदान उत्तर-दक्षिण असेल तर सूर्याचा त्रास दोघांना सारखा. पूर्व-पश्चिम असेल तर नाणेफेकीला अर्थ येतो. दुपारी खारा वारा पश्चिमेकडून येतो आणि मावळतीकडे मंदावतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, म्हणजे चारच्या सामन्यात दुसऱ्या हाफला पूर्वेकडच्या गोलमधल्या कीपरच्या डोळ्यांत सरळ ऊन. नाणेफेक जिंकणारा कोणत्या गोलवर हल्ला करायचा ते निवडू शकतो. वारा जोराचा असेल तर पहिल्या हाफला पूर्वेच्या गोलवर हल्ला करा, वारा पाठीशी मिळतो. दुसऱ्या हाफला आपल्या कीपरला टोपी द्या, नियमात चालते. वारा पडलेला असेल तर उलट करा, म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासात ऊन त्यांच्या कीपरला लागेल. नाणेफेकीला कर्णधार जातो तेव्हा त्याला हे ठाऊक असावं. बऱ्याचदा तो ‘आम्ही किक घेतो’ म्हणून मोकळा होतो.

प्रेक्षक चार वेळा मोजा

‘लोक येत नाहीत’ हे वाक्य वहीत लिहिता येत नाही. सामना सुरू होताना, विसाव्या मिनिटाला, हाफ टाइमनंतर पाच मिनिटांनी आणि संपायच्या दहा मिनिटं आधी डोकी मोजा. सुरुवातीलाच कमी असतील तर तारीख, वेळ किंवा बातमी चुकली. विसाव्या मिनिटापर्यंत वाढत असतील तर सामने उशिरा सुरू होतात हे लोकांना पाठ झालंय. हाफ टाइमनंतर घटत असतील तर ऊन, तहान किंवा एसटी. वाडीवर जाणारी शेवटची गाडी साडेपाचला असेल आणि सामना पावणेसहाला संपत असेल, तर कितीही रंगात आलेला खेळ सोडून लोक उठणार. डेपोचं वेळापत्रक बघूनच सुरुवातीची वेळ ठरवा, किंवा तीस-तीस मिनिटांचे हाफ ठेवा.

डोकी भरपूर आणि आवाज नाही, हा चौथा प्रकार. तो सगळ्यात सुधारण्याजोगा.

घरचा आवाज नेमका काय करतो? बरंचसं काम पंचांवर होतं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश प्रयोगात ४० पंचांना एकाच सामन्यातले प्रसंग दाखवले, काहींना गर्दीच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. आणि कोविडच्या काळात मैदानं जवळपास रिकामी असताना, २०२०-२१ च्या इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये ३८० सामन्यांत घरच्या संघांनी १४४ जिंकले, पाहुण्यांनी १५३. पाहुण्यांचे विजय जास्त भरण्याची त्या लीगमधली ती पहिलीच वेळ. पंचांना शिव्या देऊन मात्र काही मिळत नाही. गावातल्या पंचाला शिवी ऐकू आली की तो ताठर होतो, आणि पुढच्या वर्षी यायचं नाकारतो. त्याला आवाज ऐकू यावा, स्वतःचं नाव ऐकू येऊ नये.

आवाजाचं गणित अंतराचं आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. माणसं दुप्पट झाली तर ३ ने चढतो. म्हणजे एका जागी बसलेला घोळका मैदानापासूनच्या निम्म्या अंतरावर आणला, तर माणसं चौपट केल्याइतका फरक पडतो. चौपट माणसं आणायला काय लागतं ते कार्यकर्त्यांना विचारा. दोरी पुढे सरकवायला दोन पोरं लागतात.

शाळा-कॉलेजच्या मैदानांवर कडेने धावपट्टी असते. एका लेनची रुंदी १.२२ मीटर, आठ लेन म्हणजे जवळजवळ दहा मीटर, आणि लोक त्याच्याही बाहेर बसतात. इटलीत ट्यूरिनला युव्हेंटस क्लबचं जुनं देल्ले आल्पी मैदान असंच होतं, सुमारे ६९ हजारांचं, धावपट्टीसह, आणि बरंचसं रिकामं राहणारं. २०११ मध्ये त्याच जागी ४१ हजारांचं नवं बांधलं, धावपट्टी काढून, लोकांना रेषेजवळ आणून. मोठी संस्था बसायच्या जागा कमी करते, यात आपल्यासाठी पुरेसा धडा आहे. तालुक्याच्या मैदानावर धावपट्टी उखडायची गरज नाही. सामन्यापुरती दोरी कडेच्या रेषेपासून ३ मीटरवर आणा, मुलं खाली बसतील, मागे बाकं, त्यामागे उभे. गोलच्या मागे मात्र ६-७ मीटर मोकळे सोडा, जाळीला लटकणारी मुलं हा अपघात ठरलेलाच असतो.

बसवायचं कुठल्या बाजूला? पश्चिमेच्या. संध्याकाळी ऊन पाठीवर येतं आणि डोळे मोकळे राहतात. कितीतरी ठिकाणी मंडप पूर्वेला असतो, कारण रस्ता तिकडे आहे. तिथले लोक तासभर कपाळावर हात धरून बघतात, आणि कपाळावर हात असलेला माणूस टाळ्या वाजवत नाही. पाण्याचं सांगायचं तर दोनशे माणसांना वीस लिटरचे पाच जार, म्हणजे माणशी अर्धा लिटर. बायकांसाठी शौचालयाची किल्ली शिपायाकडून आदल्या दिवशीच घ्या.

स्पीकर, ढोल आणि गाऱ्हाणं

कोकणातल्या क्रिकेट स्पर्धांतून फुटबॉलमध्ये एक सवय आली आहे: अखंड समालोचन. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये वेळ असतो, तिथे ते शोभतं. फुटबॉलमध्ये स्पीकर सतत बोलत राहिला की लोक ऐकणारे होतात, ओरडणारे राहत नाहीत. निवेदकाला तीनच परवानग्या द्या: गोल, बदली खेळाडू, हाफ टाइम. बक्षिसांच्या घोषणा आणि जाहिराती हाफ टाइमला. स्पीकरची तोंडं लोकांच्या घोळक्याकडे नकोत.

बेंजो किंवा ढोल-ताशा पथक असेल तर उत्तम, पण त्यालाही शिस्त लागते. सलग नव्वद मिनिटं ढोल वाजला तर तो कुणालाच ऐकू येईनासा होतो, आणि आपल्याच कीपरची हाक बचावाला पोचत नाही. आपला कॉर्नर, आपला थ्रो, समोरच्यांची गोलकिक: वाजवा. आपल्यावर कॉर्नर किंवा फ्रीकिक: थांबा.

विझलेला माहौल परत पेटवताना तीनशे लोकांच्या मागे लागू नका. वीस-पंचवीस जण घ्या, एकाच जागी, पश्चिमेच्या बाजूला, आपण दुसऱ्या हाफला ज्या गोलवर हल्ला करणार त्याच्या जवळच्या टोकाला. त्यांत एक जण पुढाकार घेणारा, मैदानाकडे पाठ करून लोकांकडे तोंड असलेला. घोषणा बाहेरून आणायची गरज नाही. देवापुढे मागणं मांडायच्या गाऱ्हाण्याची रीत सगळ्यांच्या तोंडी आहे: एकाने ‘आमच्या पोरांका बळ दी रे म्हाराजा’ म्हणायचं, बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा!’ देवाचं नाव मैदानात घ्यायला जुन्या मानकऱ्यांची हरकत नाही ना, हे आधी विचारून घ्या, आणि समोरच्या संघावर गाऱ्हाणं घालू नका.

याच वीस जणांचं सगळ्यात मोठं काम गोल झाल्यावर नसतं. आपल्या खेळाडूचा पास चुकला की पाच सेकंदांत काहीतरी सुरू करायचं, बाकीच्यांचा ‘श्शी’ पसरण्याआधी. संघाची घाई आणि प्रेक्षकांची निराशा एकमेकांना लागते ती नेमकी इथे. पास चुकल्यावर ओरडा खाल्लेला मिडफिल्डर पुढच्या वेळी चेंडू मागायलाच येत नाही, किंवा मिळाला की डोळे मिटून पुढे भिरकावतो. खेळाडूंनाही याची सवय करा: आठ विरुद्ध सहाच्या सरावात शेवटचा डाव ज्युनिअर मुलांना कडेला उभं करून खेळवा, त्यांना हवं ते ओरडू द्या. मुलं आनंदाने करतात, जरा जास्तच आनंदाने.

यूट्यूबवर थेट प्रक्षेपण असेल तर कॅमेरा पश्चिमेलाच, घोळक्याच्या मागे उंचावर, आणि माइक घोळक्यात ठेवा. मुंबईतला चाकरमानी खेळाबरोबर गावचा आवाजही ऐकतो, आणि मे महिन्यात आला की त्याच जागेवर येऊन उभा राहतो.

कुणाचा संघ, आणि कुठल्या रविवारी

कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींच्या फुटबॉल संघांमागे पेठाच्या पेठा शाहू स्टेडियमवर येतात. पेठेचा संघ हरला म्हणून पेठ बदलता येत नाही. आपल्याकडे वाडीला तेच स्थान आहे, पण पुरस्कर्ता बदलला की संघाचं नाव ‘अमुक इलेव्हन’ होतं, जर्सीचा रंग बदलतो, आणि अंतिम सामन्याला बाहेरून पैसे देऊन सहा खेळाडू येतात. लोकांनी हाक कुणाला मारायची? नाव आणि रंग कायम ठेवा, पुरस्कर्त्याचं नाव छातीवर किंवा पाठीवर जाऊ दे. अकरांत निदान सात जण पंचक्रोशीतले हवेत. बाहेरचा घ्यायचाच तर हंगामभरासाठी घ्या, एका सामन्यासाठी नको.

तारखा ठरवताना पंचांग, भरती-ओहोटीचं कोष्टक आणि एसटीचं वेळापत्रक तिन्ही समोर हवीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, खलाशी आणि बोटीवरली पोरं घरी असतात. किनाऱ्यावरच्या गावांत पावसाळी फुटबॉलला यापेक्षा चांगला प्रेक्षक नाही, तरी बरीच मंडळं स्पर्धा जानेवारीत क्रिकेटच्या ऐन गर्दीत ठेवतात. आत शेतीच्या गावांत मात्र जूनअखेर ते जुलै लावणी, तिथे रविवारी दुपारी तीननंतरच माणसं मोकळी. गणपतीत चाकरमानी असतात, पण दीड आणि पाच दिवसांच्या विसर्जनाचे दिवस सोडा. शिमग्यात पालखी दारोदार फिरत असते, तेव्हा सामना नको. पालखी सहाणेवर परतल्यानंतरचा रविवार चालतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, एप्रिलपासून आंबा काढणी.

मालवण-कणकवलीकडच्या मंडळांनी आणखी एक सांभाळायचं. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, ती देवीच्या कौलाने ठरते आणि मग जाहीर होते. ती कळेपर्यंत फेब्रुवारीचा एकही सामना छापील पत्रकावर घेऊ नका, आणि कुणकेश्वरच्या महाशिवरात्रीच्या यात्रेचे दिवसही मोकळे ठेवा. बाकी पत्रक सामन्याच्या पंधरा दिवस आधी आणि त्यावरची वेळ खरी, एवढं दोन हंगाम पाळलं की विसाव्या मिनिटाला येणारे लोक सुरुवातीला दिसू लागतात. वहीतल्या पहिल्या मोजणीचा आकडा दुसऱ्याला भिडायला लागेल.